टाकीतलं पाणी हलत नव्हतं

"सर, तुमचं मशीन कमीच दाखवायलंय. मी रोज पावडर टाकायले, तरी पोरींचे घसे लई जळायलेत. सहा जणींना उलट्या!"

फोनवर शिवलीलाताई. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये केमिस्ट होतो, रिटायरमेंटला वर्ष उरलेलं. खरं सांगतो, उठायचासुद्धा कंटाळा आला होता.

मशीन म्हणजे क्लोरीन सेन्सर. जंतू मारण्याइतकं क्लोरीन पाण्यात आहे का, ते आकड्यात दाखवतो. आकडा कमी आला की ब्लीचिंग पावडर टाकायची. विक्रीला काढण्याआधी कंपनीनं तो आमच्याकडे तपासायला दिला होता. रिपोर्ट मी लिहिला, सही माझीच. 'अचूकता समाधानकारक.' त्या जोरावर तो लातूरच्या कितीतरी हॉस्टेलांत बसला.

हॉस्टेलवर गेलो. जळकोटची एक मुलगी कॉटवर आडवी पडली होती, शेजारी बादली. रविवारी तिची नीटची परीक्षा.

"पेपरला बसता येईल ना सर?" मला डॉक्टर समजून तिनं विचारलं. मी गच्चीच्या जिन्याकडे वळलो.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळीत घेऊन तपासणीच्या किटमधली गोळी टाकली. क्लोरीन असेल तितका गुलाबी रंग येतो. इथं पाणी एकदम गडद झालं. सेन्सर मात्र अजूनही 'कमी' म्हणत होता.

"ताई, टाकी रिकामी करा."

"आठ दिसांनी नळ आलाय सर! रिकामी करून पोरींनी प्यायचं काय?"

"टँकर मागवा. पण हे पाणी नको."

सेन्सर काढायला हात घातला. त्याची दांडी पाण्यात हलली आणि आकडा सरसर चढला. हात थांबवला, उतरला. पुन्हा हलवली, पुन्हा चढला.

मी तिथंच कट्ट्यावर बसलो. हा सेन्सर दांडीच्या टोकाजवळचं क्लोरीन संपवत मोजतो. पाणी हलत असलं तर नवं क्लोरीन मिळत राहतं, उभ्या पाण्यात आकडा पडतो. लॅबमध्ये आमचा बीकर कायम स्टिररवर, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या यंत्रावर. इतकी सवय की रिपोर्टात लिहायचंही सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या घरी पाणी आठवडाभर टाकीत उभं असतं, आणि मी सेन्सर तसल्या पाण्यात एकदाही तपासला नव्हता. फार लाज वाटली.

लॅबमध्ये परतून सगळं सांगितलं, तर आमचे साहेब म्हणाले, "रिपोर्ट मागे घेतला तर लॅबचं नाव जाईल. बसवण्यात चूक झाली असं लिहा."

"कसं बसवायचं ते आपणच सांगितलं नव्हतं, सर."

"तुम्ही वर्षभरात मोकळे व्हाल. मला इथंच राहायचंय."

"बाकीच्या हॉस्टेलांत आजही पावडर पडत असेल, सर."

मी संध्याकाळच्या आत रिपोर्ट मागे घेतला आणि हॉस्टेलांना एकेक फोन करून सेन्सर बंद करायला लावले. कुणी आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं.

जळकोटची मुलगी पेपरला बसली आणि अर्ध्यातून उठली. शिवलीलाताईंनी हे आवाज न चढवता सांगितलं.

आकडा लिहिताना तो कसल्या पाण्यात मोजला तेही लिहावं. ती ओळ लिहायला मला मिनिट लागलं असतं. त्या मुलीला आणखी एक वर्ष लागलं.