मोठ्या टायपातली शिवी

अकोल्याच्या फुटबॉल स्पर्धेसाठी आमच्या अमरावतीच्या संघानं एक नायजेरियन खेळाडू आणला होता. पक्का व्यावसायिक, खेळून पोट भरणारा. कोलकात्याच्या क्लबनं त्याला सोडलं होतं. व्हिसा टिकवायला कुठल्या तरी क्लबचं पत्र हवं होतं, आणि स्पर्धा नीट पार पडली तर पत्र देऊ, असं आमच्या सचिवांनी कबूल केलं होतं.

आपल्याकडं माइकवाला प्रत्येक खेळाडूला नाव ठेवतो. गोलकीपर ‘भिंत’, दर्यापूरचा बुटका ‘लिंबू’. याला पहिल्याच सामन्यात ‘काळा घोडा’. पायात चेंडू आला की भोंग्यातून, "सुटला रे काळा घोडा!" पुढच्या रांगेतले खिंकाळून दाखवायचे.

मी माइकवाल्याला गाठलं. शाळामास्तर, माणूस वाईट नाही.

"सर, हा वर्णद्वेष आहे."

"बाप्पा! अरे, माह्या भावाले माय काळ्याच म्हन्ते. त्याले राग येत नाई, याले कावून येईन?"

"तो तुमचा भाऊ आहे. हा नाही."

"मंग भाऊ समजूनच म्हनून राहिलो ना बे!"

घरात ठेवलेल्या नावाला उलट दोन शब्द सुनावता येतात. याला आमची भाषाही येत नव्हती. ‘संदर्भ समजून घ्या’ म्हणणारे सगळे हसणाऱ्यांचाच संदर्भ सांगत होते.

चहाच्या टपरीवर मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "भाई, मेरे को सब समझता है. हर मैदान पे अलग शब्द, मतलब एक. तुम लिखना मत. मेरे को लेटर चाहिए."

मी लिहिलं. मी ज्या सामाजिक संघटनेत काम करतो तिथं शिकवतात, अन्याय दिसला की पत्रक काढायचं, आणि मथळा लांबून वाचता आला पाहिजे. मथळा होता, ‘काळा घोडा म्हणणं थांबवा!’ पहिले दोन शब्द सर्वांत मोठ्या टायपात. खाली चार परिच्छेद, त्यात त्याचं खरं नाव एकदाही नाही. मला ते खटकलंसुद्धा नाही.

सेमीफायनलला गेटवर उभं राहून पत्रकं वाटली. माइकवाला त्या दिवशी गप्प होता. वाचून ओशाळला असावा. पण ज्या मागच्या रांगांना भोंगा नीट ऐकू जात नव्हता, त्यांनाही आता ते नाव कळलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये माझीच पत्रकं नाचवत अख्खं मैदान तेच ओरडत होतं. त्यानं एकदा त्या कागदांकडं पाहिलं आणि खेळत राहिला. गोलसुद्धा केला.

सामना संपल्यावर सचिवांनी मला बोलावलं.

"झालं समाधान? तुहं पत्रक वाटल्यापासून फोन येऊन राहिले. हे लफडं आमाले नको. पत्र देत नाई आता त्याले."

"पण त्याची चूक काय?"

"चूक कोनाचीच नाई. पुढच्या साली सगळे आपलेच पोट्टे खेळवतो. मंग तर नाई ना तुहा वर्णद्वेष?"

आमच्या संघटनेच्या बैठकीत, माइकवाला गप्प झाला याला मोहिमेचं यश म्हटलं गेलं. फायनल न खेळताच तो बडनेऱ्याहून गाडीत बसला. कुठं गेला, पत्र कोणी दिलं की नाही, ठाऊक नाही. मी फोन करतो, घंटी वाजते, तो उचलत नाही.