खंडेनवमीला बरण्यांना सुट्टी

मुलांनो, छपरावरचं ऊन साठवून ठेवणारी तुमच्या घरातली पेटी तुम्ही मला फोनवर दाखवलीत, तेव्हा मला माले गावातल्या काचेच्या बरण्या आठवल्या.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. मी पुण्यात रसायनशास्त्रात संशोधन करत होते. जस्ताचा क्षार विरघळवलेल्या पाण्यावर चालणारी, पुन्हापुन्हा चार्ज होणारी बॅटरी हा माझा विषय. मुळशी धरणाची वीज मुंबईला जायची आणि धरणाकाठच्या मालेत कंदील लागायचे, म्हणून प्रयोग तिथेच मांडला होता. एका शेतकऱ्याच्या पडवीत चार बरण्या, कौलांवर सौर पॅनेल आणि चुलीपाशी छोटा दिवा. घरच्या वहिनी त्या उजेडात भाकरी थापत. तो पिवळट उजेड अजून डोळ्यांसमोर आहे.

अडचण एकच होती. चार्ज होताना आतल्या कार्बनच्या पट्टीवर जस्त चढायचं आणि त्याच्या बारीक सुया वाढायच्या. त्या समोरच्या पट्टीला टेकल्या की बॅटरी निकामी. दसऱ्यानंतर माझे सर पाहायला येणार होते. तोवर दिवा टिकला नाही तर विषय बंद, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही, असा माझा कडक नियम होता.

खंडेनवमीला एसटीतून उतरून पडवीत गेले, तर तारा सोडलेल्या. नांगर, कोयता, विळी यांच्या रांगेत माझ्या बरण्या, हळदकुंकू लावून.

“वहिनी, हे काय केलंत?”

“आज समद्या अवजारांना सुट्टी. ह्या बरण्यांनीच काय घोडं मारलंय?”

“आणि दिवा?”

“कालपास्नं जळू दिला. आपसूक इझला, मंग तारा सोडल्या. भरलेलं भांडं कुनी घासतं व्हय? तोंड नका पाडू बाई, जेवा आदी.”

मी अर्ध्या ताटावरून उठून बरणीत डोकावले. पट्टी काळीभोर, स्वच्छ. दिवा विझेपर्यंत सगळं जस्त पाण्यात परतलं होतं. एकही सुई उरली नव्हती.

दसऱ्याला पुन्हा तारा जोडल्या. संध्याकाळी दिवा लागला. त्यानंतर मी दर आठवड्याला बॅटरी मुद्दाम पूर्ण उतरवू लागले.

सर आले तेव्हा दिवा जळत होता. ते बरण्यांपाशी उकिडवे बसले.

“हे लाल ठिपके कसले?”

“सुट्टी दिली व्हती सायेब, तवाचं हाय,” वहिनी म्हणाल्या.

मी सरांना सुयांचं सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी निरखून पाहिली.

“मग पुढची खंडेनवमीही इथेच करा,” ते म्हणाले, आणि भाकरी खायला बसले.