खिडकीत थांबलेली पुस्तकं

मिस अदीना आर्चिबोल्ड म्हणजे आमच्या पर्ल लगून गावातली एकमेव बाई, जिचं लिहिलेलं छापून येत असे. लग्न झालेलं असलं तरी आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मिसच म्हणतात. चर्चच्या छापखान्यातून मुलांसाठी गोष्टींचं चोपडं निघायचं आणि किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या रविवारच्या शाळांमध्ये ते वाचलं जायचं. वादळात बुडता बुडता वाचलेले कोळी, चोरलेलं कासव परत नेऊन देणारी मुलगी, अशा त्या गोष्टी. मी त्यांच्या शेजारी नारळाचा पाव भाजते. अक्षरं मी त्यांच्याच हाताखाली गिरवली, त्यामुळे पंचेचाळिशी उलटली तरी त्यांच्यापुढे माझा आवाज खालीच असायचा. निदान सुरुवातीला.

लिहिणाऱ्यानं काय वाचावं हे त्यानं स्वतः ठरवू नये, असं मिसचं ठाम मत होतं. जे आत जातं तेच बाहेर येतं, आणि बाहेर आलेलं लेकरांच्या ताटात पडतं, असं त्या म्हणत. म्हणून कुठलंही पुस्तक हाती आलं की त्या देवाचा कौल घेत.

हा कौल आम्हा मोरेवियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा फार जुना. एके काळी लग्नंसुद्धा त्यावर ठरत. चर्चनं तो केव्हाच सोडून दिला, पण मिसच्या आजीचा पत्र्याचा डबा घरात राहिला. डब्यात जाड कापडाच्या तीन पट्ट्या, गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या. एकीवर आजीच्या हातचं ‘हो’, दुसरीवर ‘नको’, आणि तिसरी कोरी. कोरी आली की ‘थांब’. नवीन पुस्तक आलं की मिस हात धुवायच्या, डोक्याला रुमाल बांधायच्या, पुस्तक मांडीवर घेऊन प्रार्थना करायच्या आणि डोळे मिटून एक पट्टी काढायच्या. ‘हो’ आलं तर पुस्तक फळीवर. ‘नको’ आलं तर कागदात गुंडाळून देणाऱ्याला परत, मग देणारा बिशप का असेना. कोरी आली तर पुस्तक खिडकीत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचं.

आणखी एक नियम होता. तिन्ही पट्ट्या एकदम कधीही उघडायच्या नाहीत. तसं करणं म्हणजे देवाच्या मनात डोकावणं. मी म्हणायचे, पत्ते खेळताना दुसऱ्याच्या हातात डोकावतात तसंच की हे. त्यावर माझा कान पिळला जायचा.

मोठं वादळ आलं तेव्हा अर्ध्या गावाची छपरं गेली. मिसची पेटी दिवसभर पाण्यात होती. ऊन पडल्यावर त्यांनी सगळं अंगणात वाळत घातलं, गीतांचं पुस्तक, कपडे, तो डबासुद्धा. पट्ट्या मात्र गुंडाळलेल्याच वाळू दिल्या.

त्यानंतर खिडकी भरू लागली. माझ्या भट्टीपाशी उभं राहिलं की ती समोरच दिसते. आधी दोन पुस्तकं होती, मग आठ-दहा झाली, मग खिडकीची वरची चौकटही झाकली गेली. मिस पवित्र शास्त्राखेरीज काही वाचेनाशा झाल्या. गोष्टीही वाळत चालल्या. त्यांच्या गोष्टीतले कोळी आता बुडायचेच नाहीत, नुसते होडीत बसून प्रार्थना करायचे. मुलं जांभया द्यायची. चर्चचे पाळक म्हणाले, देव अदीनाबाईंची परीक्षा पाहतोय. मी म्हणाले, मिस, जाऊ द्या ना तो कौल, उघडा आणि वाचा. त्यांनी मला पावातल्या मिठाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

अशातच ऑर्विन आला. मिसचा एकुलता एक मुलगा, माझ्या बरोबरीचा. राजधानीत, मॅनाग्वाला, एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. युद्धात त्याचा पोरगा गेला तेव्हापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता, आणि आईशीही मोजकंच बोलायचा. ईस्टर जवळ आला होता, सगळं गाव दफनभूमीत थडग्यांना चुना लावत होतं. धक्क्यावर लांचीतून उतरलेल्या ऑर्विनला मी ओळखलंच नाही. तोंड पिवळं पडलेलं, पाय सुजून बुटात मावत नव्हते. मूत्रपिंडं गेली होती. ते त्यानं आल्या आल्या आईला सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता.

मिसनी त्याच्यासाठी नारळाच्या दुधात मासे आणि कसाव्याचा कंद शिजवला होता. पाव घेऊन मी गेले तेव्हा तो जेवत नव्हता. ताटाशेजारी त्यानं एक पुस्तक ठेवलं होतं. त्यानंच लिहिलेलं, आमच्या लगूनवरचं.

“आई, हे वाच,” तो म्हणाला. “कसं झालंय ते मला सांग.”

“विचारून बघते.”

कोणाला ते त्यानं विचारलं नाही, त्याच घरात वाढलेला होता. हसला. “विचार. पण त्याला म्हणावं, माझ्याकडे फार दिवस नाहीत.”

मिसनी त्याच संध्याकाळी रुमाल बांधला. पट्टी कोरी निघाली. पुस्तक खिडकीत गेलं.

मंगळवारच्या लांचीनं तो परत निघाला. धक्क्यावर मला म्हणाला, “डेल्फी, तिला ढोसत राहा. चांगलं म्हणू दे, भिकार म्हणू दे, पण काहीतरी म्हणू दे. मी अख्खं पुस्तक तिला ऐकू येईल असं लिहिलंय.”

मी ढोसलं. रविवारी उपासना संपली की मी त्यांच्या दारात हजर. दर रविवारी कोरी पट्टी. चर्चच्या बिनतारी यंत्रावरून ऑर्विनचा निरोप यायचा, आईनं वाचलं का? मिस उत्तर द्यायच्या, तुझ्यासाठी प्रार्थना करतेय. हे उत्तर ऐकून मला त्यांच्या खिडकीवर दगड मारावासा वाटायचा. एकदा मी सुचवलं, वाचतेय म्हणून कळवा ना, एवढ्यानं काय बिघडतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चची दानपेटी उचलली होती.

पावसाळ्यात एका दुपारी गेले तर त्या पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उघडलेलं नव्हतं. मुखपृष्ठावरून नुसता हात फिरवत होत्या, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

“मग वाचा की,” मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

“मला वाचायचंय गं,” त्या म्हणाल्या. “इतकं वाचायचंय की त्याचीच भीती वाटते. माझ्या मनासारखं झालं की ते देवाचं म्हणणं, असं मी आयुष्यात कधी केलं नाही. आता पोटच्या पोरासाठी करू?”

“हो, करा.”

त्यांनी पुस्तक खिडकीत ठेवलं. मी पाव टेबलावर आपटून निघून आले आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही.

ऑर्विन ऑगस्टमध्ये गेला. पाळक स्वतः सांगायला आले. इथून निघालेली लांच मॅनाग्वाच्या वाटेवरच्या ब्लूफील्ड्सलाही पोचली नसती, तोवर तिकडे त्याला पुरूनही झालं होतं. आमच्या दफनभूमीत त्याच्या बापाशेजारची जागा तशीच रिकामी राहिली.

मिस रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि दार लावायला सांगितलं. टेबलावर डबा होता. डोक्याला रुमाल नव्हता. एवढ्या वर्षांत डबा समोर असताना त्यांचे पांढरे केस उघडे मी पहिल्यांदाच पाहिले.

“देवानं मला खरंच थांबवलं का, ते मला बघायचंय,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिन्ही पट्ट्या टेबलावर ओतल्या.

पहिली उलगडली, कोरी. दुसरी, कोरी. तिसरीचा दोरा सुटेना, तो मी दातानं तोडला. तीही कोरी. एका पट्टीच्या कडेला चहा सांडल्यासारखा पिवळट डाग तेवढा होता. आजीची शाई वादळाच्या पाण्यात केव्हाच धुऊन गेली होती.

मिसनी पट्ट्या उलट्या करून पाहिल्या. मग उजेडात नेऊन पाहिल्या. खिडकीतली ती सगळी पुस्तकं त्यांच्या पाठीमागे रचलेली होती. मला रडू फुटलं आणि देवाचा राग आला. खरं सांगते, तो अजून गेलेला नाही.

“थांब म्हणाला नव्हता तो,” त्या म्हणाल्या. “तो काहीच म्हणाला नव्हता, डेल्फी.”

मग हात न धुता त्यांनी ऑर्विनचं पुस्तक ओढून घेतलं, पेन्सिल घेतली आणि वाचायला बसल्या. शाळेत आमच्या वह्या तपासायच्या तशाच. दोन दिवस मी ताट नेत होते आणि भरलेलं परत आणत होते. जाता येता मी समासात डोकावायचे. ऑर्विननं लिहिलं होतं, लहानपणी मी अंगणातल्या आंब्यावरून पडलो. मिसनी शेजारी लिहिलं, ‘आंबा नव्हे, ब्रेडफ्रूटचं झाड. हनुवटी फुटली होती, तू रडला नाहीस.’ एका पानावर त्याच्या पोराची शवपेटी होडीतून आली होती, आणि बापानं देवाला नको नको ते विचारलं होतं. तिथे मिसनी काही लिहिलं नव्हतं. समासात फक्त बरोबरची खूण केली होती.

शेवटच्या पानाखाली त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, ‘वाचलं. फार चांगलं लिहिलं आहेस. आई.’ मग पुस्तक तपकिरी कागदात गुंडाळलं, दोरीनं बांधलं, वर मुलाचं नाव घातलं, मॅनाग्वाचा पत्ता घातला, आणि तशाच पुडकं हातात घेऊन माझ्या भट्टीपाशी आल्या.

“लांच कधी सुटते गं?” त्यांनी विचारलं.

“मंगळवारी,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. दोन पावलं धक्क्याच्या वाटेला लागल्या आणि थांबल्या. ते पुडकं दोन्ही हातांनी धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या. माझे पाव करपले तरी मला हलता आलं नाही.