कोळंब्यांची पिल्लं आणि दाराची किल्ली

ही हकिगत मी चार वर्षं टाळली. मुलीला सांगितली, पण अर्धीच, आणि ज्या अर्ध्यात मी बरा दिसतो तेवढीच. शेजाऱ्यांना जे सांगितलं ते तर खोटंच निघालं. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. उरलेलं लिहून ठेवतो.

पत्नी गेल्यावर कोपरखैरण्याच्या आमच्या घरात बोलायला कोणी उरलं नाही. मुलगी पुण्याहून आली आणि हॉलमध्ये काचेची टाकी मांडून गेली. मासे नकोत, ते टक लावून बघत बसतात, असं मी म्हणालो. मग तिने कोळंब्या सुचवल्या. खायच्या नव्हेत, पाळायच्या. नखाएवढ्या, लालभडक. दुकानदाराने बजावलं होतं की टाकी पाणी भरून तीन आठवडे तशीच ठेवा, आणि कोळंब्या आणल्यावर एकदम सोडू नका. पिशवीतल्या पाण्यात टाकीतलं पाणी थेंब थेंब मिसळा, नाहीतर झटक्याने मरतात.

थेंब थेंब कसं मिसळायचं हा प्रश्न आमच्याकडे काम करणाऱ्या बाईने सोडवला. ती बोनकोड्याची, आगरी. अकरा वर्षं आमच्याकडे होती. पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा दीड वर्ष तिला कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं हिनेच केलं. घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. पत्नीनेच त्या किल्लीला लाल दोरा बांधून दिला होता. कपाटात सलाईनच्या नळीचा एक न फोडलेला संच उरला होता. तो तिने शोधून काढला, एक टोक टाकीत सोडलं आणि चाक फिरवून थेंब बारीक केला. तिला ते सवयीचं होतं.

"आमच्याकं यांची चटणी करतात," ती म्हणाली, "आन् काका यांना सलाईन लावतात."

दोन तासांनी बारा कोळंब्या टाकीत उतरल्या. त्यातल्या दोघींच्या पोटाखाली मोहरीसारखी पिवळी अंडी होती. महिन्याभराने पिल्लं झाली, तीही आधी तिलाच दिसली.

"काका, चष्मा लावा. त्या शेवाळात बघा. डोळे दिसतात नुसते."

पापणीच्या केसाएवढी पिल्लं. मी त्यांच्यासाठी काय काय सुरू केलं ते नीट सांगतो. पालक उकडून चिमूटभर टाकू लागलो. टाकीसमोरचा पंखा बंद केला. बादलीतल्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून टाकीतलं आटलेलं पाणी भरायला रोज सकाळी पिण्याच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घालू लागलो. हंडा तांब्याचा, वडिलांच्या वेळचा. आयुष्यभर मी त्यातलंच पाणी प्यायलो. ती तो रोज चिंचेने लख्ख घासून भरून ठेवायची. म्हटलं, जे मी पितो तेच लेकरांना.

आठवड्याभरात पिल्लं कमी दिसू लागली.

मी बेलापूरला सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं चौकशांची टिपणं लिहिली. कोणी काही म्हणालं की त्याने ते आत्ताच का म्हटलं, हे आधी मनात येतं. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. एक वही काढली आणि तिच्या येण्याजाण्याची नोंद ठेवू लागलो. 'नऊ दहा, आली. नऊ वीस, टाकीजवळ थांबली.' पेपर तोंडासमोर धरून मी तिच्या हातांकडे बघत असे. टाकीच्या झाकणावर एक दोरा आडवा ठेवायला लागलो. दुपारी तो जागचा हलला आहे का ते तपासायचो. दोरा एकदाही हलला नाही. तिला दोरा कळला असणार, असं मी वहीत लिहिलं.

एका सकाळी तळाशी कोळंबीचं पारदर्शक कवच सापडलं, आत काही नाही. कोणीतरी सोलून खाल्ल्यासारखं. मी ते चमच्यावर घेऊन तिला दाखवलं.

"मेली नाय ती, काका. कात टाकलीय. आता दोन दिवस लपून बसंल."

"तुला कसं माहीत?"

"सासरा खाडीत जाळं टाकायचा. मना नाय म्हायत होनार?"

दोन दिवसांनी ती कोळंबी खरंच बाहेर आली. मला हायसं वाटायला हवं होतं. मी लिहिलं: 'हिला फार माहिती आहे.'

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ मला जिन्यात चिडवायचे, "काका, मोठ्या झाल्या की सांगा, लसूण सोलून ठेवतो." पिल्लं कमी होतायत म्हटल्यावर ते म्हणाले, "आगरी माणूस तो. जवळा दिसला की हात शिवशिवणारच." पापणीच्या केसाएवढ्या पिल्लांची चटणी कोण करणार, हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. तरी मी हसलो.

मग एका सकाळी सहा मोठ्या कोळंब्या मेलेल्या दिसल्या. लाल रंग जाऊन उकडल्यासारख्या पांढुरक्या झालेल्या. त्यात अंडीवालीही होती. बाई कामाला आली तेव्हा मी दारातच उभा होतो.

"काल फरशी पुसताना टाकीत काय पडलं?"

"काय बी नाय."

"फिनाइलचे हात आत घातलेस?"

"मी टाकीत हात कशाला घालू, काका?"

"किल्ली ठेव."

तिने पाकिटातून किल्ली काढली आणि टाकीच्या झाकणावर ठेवली, माझ्या दोऱ्याशेजारी. मग म्हणाली, "बाईंना दीड वर्ष या हातानं भरवलं. तवा हात धुतले का, इचारलं नव्हतं तुमी."

ती गेल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की घरकामाच्या बाईपासून सावध राहावे, माझ्याकडे प्रकार घडला आहे. कोणता प्रकार ते लिहिलं नाही. आमच्याच इमारतीत ती आणखी दोन घरी जायची. दोन्ही घरं सुटली, आणि गेटवर तिचं नाव काढून टाकण्यात आलं.

पुढच्या चार दिवसांत उरलेल्या कोळंब्या मेल्या. घरात मी एकटाच होतो. वहीत लिहायला कोणाचं येणंजाणं नव्हतं. तरी मी ठरवलं की तिने जाताना काहीतरी सावकाश भिनणारं घातलं असेल.

महिन्याभराने नव्या कोळंब्या आणायला त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, पाणी कोणतं घालता? मी अभिमानानेच सांगितलं.

त्याचा जाळी धरलेला हात थांबला. "तांब्याचा हंडा? काका, तांबं यांना विष आहे. थोडं जरी उतरलं तरी पिल्लं पहिली जातात, मग मोठ्या. त्यात घासलेलं भांडं म्हणजे तर..." त्याने जाळी खाली ठेवली. मला वाटतं, माझा चेहरा बघून.

घासायला मीच सांगत होतो. ओतत मीच होतो.

घरी येऊन ग्रुपवर एक वाक्य टाइप केलं आणि खोडलं. लोक मला लिफ्टमध्ये म्हणत होते, बरं झालं तुम्ही वेळेवर ओळखलंत. ते मला आवडू लागलं होतं. टाकी रिकामी करून माळ्यावर टाकली.

गेल्या वर्षी कोपरखैरण्याच्या मासळी बाजारात ती दिसली. सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसली होती. या भेटीसाठी मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. फिरायला जाताना ते मनात म्हणत असे. तिने मला आधी ओळखलं.

"काका, बारीक झालात. कोलंब्या हायत ना?"

मेल्या म्हणालो असतो तर कशाने ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "आहेत."

"पिल्लं?"

"खूप झाली."

तिने जवळ्याच्या ढिगात हात फिरवला. मग तोच हात उलटा करून बघितला.

"मंग माझ्याच हाताचं काय तरी व्हतं म्हनायचं. मी घरी जाऊन लई इचार केला, काका. फिनाइल लागलं व्हतं का काय, आठवतच नव्हतं. मी गेल्यावर बऱ्या झाल्या म्हनता, म्हंजे मीच."

मी तोंड उघडलं. मागून एका गिऱ्हाइकाने भाव विचारला. तिने मला मूठभर जवळा कागदात बांधून दिला, पैसे राहू द्या म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. मी पुडी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. गर्दीत धक्का लागला, बाजूला झालो, आणि तसाच चालू लागलो. त्यानंतर त्या बाजारात गेलो नाही.

तयार ठेवलेलं वाक्य हे होतं: तुझ्या हाताचं काही नव्हतं गं, पाणी मीच घालत होतो; माझं चुकलं, आणि किल्ली अजून तुझीच आहे.