मास्तरांचा राहिलेला सोमवार

मास्तर जाऊन महिना झाला आणि मी आज चक्क आनंदाने नाचते आहे. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. सकाळी जे घडलं ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही, म्हणून औषधांचं दुकान उघडायच्या आधी, ओल्या कपड्यांनीच, काउंटरमागे लिहायला बसले आहे.

मास्तर म्हणजे आमच्या पोहण्याच्या तलावावरचे शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी लहानथोरांना पाण्यात उतरवलं. उंची बेताची, आवाज मात्र असा की उथळ बाजूला ओरडले की खोल बाजूचे लोक निमूटपणे पाय मारायला लागत. शिकवायची तऱ्हा एकच. हातात लांब बांबू घ्यायचा, काठाने उलटं चालायचं आणि बांबूचं टोक पोहणाऱ्याच्या नाकापुढे वीतभर धरायचं. नियमही एकच. भीती वाटली तर बांबू खुशाल पकडा, पण पकडलात की त्या दिवशीचं पोहणं संपलं, उद्या पुन्हा पहिल्यापासून. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकायला गेले आणि अकरा वेळा बांबू पकडला. अकरा! मास्तर एकदाही रागावले नाहीत. "बांबू झिजवलात हो," एवढंच म्हणाले.

त्या बांबूचं टोक सारखं थरथरायचं. आम्ही त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. "मास्तर, वय झालं, आता बांबू सोडा आणि काठी धरा," असं मी पाण्यातून तोंड वर काढून म्हणायचे. "तुम्ही पुढे बघा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गंमत म्हणजे त्यांच्या घरातलंच एक माणूस कोरडं राहिलं होतं. काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज त्यांचा चहा घेऊन तलावावर यायच्या, पण पायाचा अंगठासुद्धा कधी बुडवला नाही. यंदा एकसष्टाव्या वर्षी त्यांनी काय मनावर घेतलं कोण जाणे, एकदम म्हणाल्या, "मलाही शिकवा." मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. तीन महिन्यांत काकूंना उथळ बाजू जमली. खोल बाजू या काठापासून त्या काठापर्यंत पार करायची तेवढी राहिली. त्यासाठी सोमवार ठरला, आणि आधीच्या शुक्रवारी मास्तर वर्तमानपत्र वाचता वाचता गेले.

मला तर त्यांचा रागच आला होता. सोमवार ठरवायचा आणि शुक्रवारी निघून जायचं, ही काय पद्धत झाली? त्यांना निरोप द्यायला सगळे हात जोडून उभे होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. रडू आलं ते दोन दिवसांनी, दुकानात, खोकल्याच्या औषधाची बाटली शोधताना.

आज उजाडताच काकू माझ्या दारात हजर. हातात पिशवी.

"आमचा सोमवार राहिलाय," त्या म्हणाल्या. "बांबू तू धर."

"मी? अहो काकू, मी अकरा वेळा..."

"म्हणूनच. कुठे घाबरायला होतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि हे बघ, आज नाही जमलं तर पिशवीतला हा पोहायचा पोशाख मी कुणालातरी देऊन टाकणार. पुन्हा त्या पाण्याकडे फिरकायची हिंमत व्हायची नाही माझी."

बांबू कपडे बदलायच्या खोलीमागे तसाच उभा होता. आमचा जीवरक्षक शिट्टी तोंडात धरून खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. काकूंनी टोपी चढवली, भिंतीला पाय रेटला आणि निघाल्या. मीही निघाले, उलटी, ओल्या फरशीवरून एकेक पाऊल चाचपत. काय सुंदर पोहत होत्या म्हणून सांगू!

मध्यावर त्यांच्या नाकात पाणी गेलं. डोळे विस्फारले, लय तुटली आणि उजवा हात बांबूकडे वर आला. मी बांबूच्या टोकाकडे पाहिलं, तर ते थरथरत होतं! वारा नव्हता. माझेच हात लटलटत होते. आणि माझं काही वय झालेलं नाही!

"अगं, बांबू हलतोय तुझा!" काकू पाण्यातून ओरडल्या.

"तुम्ही पुढे बघा!" मी ओरडले. तोंडातून आपोआप निघालं.

तो हात क्षणभर तसाच राहिला. मग बांबूच्या शेजारून खाली आला आणि त्याने पाणी कापलं. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. काकूंनी पलीकडचा काठ धरला तेव्हा जीवरक्षकाने इतक्या जोरात शिट्टी फुंकली की रस्त्यावरचे लोक थांबले. मी बांबू टाकला आणि कपड्यांसकट पाण्यात उडी मारली.

काठाला धरून दोघी धापा टाकत होतो. मी म्हटलं, "काकू, मास्तरांचाही बांबू असाच हलायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाने हात कापतात. फार हसायचो आम्ही."

काकूंनी डोक्यावरची टोपी ओढून काढली.

"हात कापतात? यांचे?" त्या म्हणाल्या. "अगं, गेले त्या सकाळपर्यंत सुईत दोरा तेच ओवून द्यायचे मला."