कोऱ्या माथ्याची पत्रं

तिल्लैनाथन डॉक्टरांचं अक्षर डॉक्टराचं नव्हतंच, शाळामास्तराचं होतं. एकेक अक्षर सुटं, तोंडात घास धरून बसल्यासारखं गोल. वडील करवेट्टीला मास्तर होते. कागद कुठलाही असो, आधी माथ्यावर पिल्लैयारची सुळी काढायची आणि मग लिहायचं, हे त्यांनी पोराला सगळ्यात आधी शिकवलं. पिल्लैयार म्हणजे गणपती, आणि सुळी ही त्याची खूण. एक वेटोळं, पुढं ओढलेली शेपटी. आमच्याकडं वाण्याच्या यादीवरसुद्धा ती असते. नसते ती फक्त माणूस गेल्याच्या पत्रावर. तसला कोऱ्या माथ्याचा कागद दारात आला की बाया वाचायच्या आधीच ऊर बडवायला लागतात. वाचून झालेला कागद घरात कुणी ठेवत नाही.

पालैकुळमचं इस्पितळ शाळेच्या इमारतीत भरायचं. फळ्यावर शेवटचा धडा तसाच होता, आणि बाकं जोडून खाटा केल्या होत्या. मी तिथली नर्स. आमच्याकडं नर्सला मिसी म्हणतात, तेव्हा डॉक्टरांनाही माझं खरं नाव आठवत असेल की नाही, देव जाणे. लढाईमुळं उत्तरेचे रस्ते बंद होते. फोन नव्हते. साबण, रॉकेल, कागद, काहीच लष्कराच्या नाक्यापलीकडून येऊ देत नसत. साखर मिळत नव्हती म्हणून गुळाचा खडा तळहातावर ठेवून चाटायचा आणि वर कोरा चहा प्यायचा. अधूनमधून मदतीची एक लॉरी यायची, आणि जे काही टपाल ते तिच्याबरोबर जायचं.

डॉक्टर लिहायला बसत ते व्हरांड्यात, एका पायाखाली वीट लावलेल्या टेबलापाशी. परीक्षेच्या जुन्या पेपरांची पाठकोरी बाजू, तीही अर्धी फाडून. सकाळी विहिरीवर अंघोळ करायचे, कपाळाला भस्म लावायचे आणि एका बैठकीत सगळ्या कागदांवर सुळ्या काढून तो गठ्ठा डाव्या हाताला दगडाखाली ठेवायचे. उजव्या हाताला दुसरा गठ्ठा असे, बिनसुळीचा. डावीकडचे कागद राजधानीतल्या आरोग्य खात्याला आणि परदेशी दिलेल्या लेकीला, अभिरामीला. बायको कधीच वारली होती, लिहायला तेवढी एकच होती. उजवीकडचे कागद आमच्याकडं जे दगावत त्यांच्या घरी.

ही पत्रं ते दुसऱ्या कुणाला लिहू देत नसत. मी एकदा म्हटलं, द्या, मी लिहिते, दोन ओळींचं तर काम. तर म्हणाले, "मिसी, ज्याच्या पोटात मी हात घातला त्याच्या आईला तू का सांगायचं?"

खात्याला मात्र ते चवीनं लिहायचे. "भूल द्यायचं औषध संपलं. आम्ही रोग्याला धरून ठेवतो. आता धरणारेही थकलेत." असलं एक पत्र नाक्यावर शिपायानं फोडलं. वरच्या सुळीभोवती लाल शाईचा गोल काढला आणि ही बंडखोरांच्या कुठल्या तळाची खूण म्हणून लॉरीच्या ड्रायव्हरला अर्धा दिवस उन्हात उभा केला. पत्र परत आलं. डॉक्टरांनी त्या लाल गोलाशेजारी लिहिलं, "ही खूण हत्तीच्या तोंडाच्या देवाची आहे. मोदक सोडले तर त्याच्यापासून कुणालाही धोका नाही." आणि पुन्हा धाडून दिलं. उत्तरादाखल खोकल्याच्या औषधाचं एक खोकं आलं. आमचा औषधं देणारा कंदैय्या ते फोडता फोडता म्हणाला, "डॉक्टर, सलाइनच्या बाटलीवर पण काढा की एक सुळी. रिकामी होताना लाजंल तरी." त्या दिवशी डॉक्टर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तसे ते पुढं कधी हसल्याचं मला आठवत नाही.

मग मासळी-बाजारावर तोफगोळे पडले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली. फळ्याखालची जमीन पुसायला पाणी ओतायचं, आणि ते पाणीच लाल व्हायचं. तवनेसन नावाचा ट्रॅक्टरवाला स्वतः दुसऱ्यांना घेऊन आला, उतरला आणि पायरीवर बसला. त्याला लागलंय हे आम्हाला उशिरा कळलं. टेबलावरच गेला. घरी पोचवायला रस्ता नव्हता, म्हणून तळ्याच्या कडेला बाकीच्यांबरोबर त्यालाही अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पत्रं लिहायला बसले. उजवीकडचा गठ्ठा त्या दिवशी एक पत्र उरलं असताना संपला. तो कधीच संपत नसे. हात आपसूक डावीकडं गेला, वरचा कागद ओढला आणि लिहीत राहिला.

महिना होत आला असेल. एक म्हातारी सुनेला घेऊन फाटकातून आत आली ती सरळ वॉर्डात शिरली. हातात ताडाच्या पानाची पिशवी. एकेका बाकावर वाकायची, तोंड बघायची, पुढं सरकायची. सून, तिचं नाव योगम, दारातच थांबली होती. कपाळावर कुंकू होतं, पण अर्धवट पुसल्यासारखं. लावावं की पुसावं हे ठरत नसल्यासारखं.

आजीला म्हणतात तसं आच्ची म्हणून मी विचारलं, कोण हवंय?

"माझा तवनेसन. कुठल्या खोलीत ठेवलाय?" पिशवी वर करून म्हणाली, "वाळवलेलं ताडाचं कंद आणलंय. त्याला लई आवडतं. दात धड हायत न्हवं त्याचं?"

योगमनं मला बाजूला घेतलं. पत्र आलं तेव्हा गावच्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं. सगळं गाव रडलं, एक सासू सोडून. सासू अक्षर ओळखत नाही, पण सुळी ओळखते. तिनं कागद हिसकून घेतला, म्हणाली मेल्याच्या पत्रावर पिल्लैयार कुणी काढतं का? डॉक्टर शिकलेला माणूस. खालचं त्याच्याकडून कुणीतरी धाकानं लिहून घेतलं असणार, म्हणून त्यानं वर खूण करून मला सांगितलं, की आच्ची, पोरगा हाय. एकतिसाव्या दिवसाच्या विधीचं नाव काढलं की घरातली भांडी फेकते. "डॉक्टरांना सांगा," योगम म्हणाली, "त्यांनी तोंडानं सांगू दे. मला तरी कळू दे मी कोण आहे ते."

डॉक्टर व्हरांड्यात होते. म्हातारीनं कमरेची गाठ सोडून कागद काढला, त्यांच्यापुढं धरला आणि वरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"तंबी," धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली, "ही तूच काढलीस न्हवं?"

डॉक्टरांनी कागद बघितला. मग टेबलावरचे दोन्ही गठ्ठे बघितले.

"मीच काढली, आच्ची. पण चूक झाली. दुसरा कागद घ्यायचा होता."

"चूक?"

"हो. माझी."

म्हातारीनं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं, आणि ते बघवेना.

"मग वर चुकलास तसा खालीपण चुकला असशील की रे."

दाखवायला मढं नव्हतं, कपडे नव्हते, राख तळ्यात गेलेली. डॉक्टरांनी सांगितलं, तो माझ्या हाताखाली गेला. ती म्हणाली, त्या दिवशी एवढी माणसं, एवढी रगतानं माखलेली तोंडं, तुला काय ठाव माझा कोण? मी मधे पडले, ट्रॅक्टरचं सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचा वाद डॉक्टरांशी होता.

"खरं असंल तर पुन्यांदा लिव्ह," ती म्हणाली. "माझ्या म्होरं. तुझा हात बघू दे मला."

डॉक्टरांनी उजवीकडचा कागद घेतला. म्हातारी टेबलाला हनुवटी टेकून पेनाच्या टोकाकडं बघत राहिली. पेन कागदाच्या माथ्यापाशी आलं. तिथं थांबलं. जन्मभराची सवय, त्या जागी हात थांबणारच. योगम, मी, कंदैय्या, सगळे टेबलाभोवती आलो. मग पेन त्या जागेला न शिवता खाली उतरलं आणि पहिली ओळ सुरू झाली.

ती ओळ संपायच्या आत म्हातारी जमिनीवर होती. तिचं रडणं सांगत नाही. योगमनं मनगटानं कपाळ पुसलं आणि सासूला कुशीत घेतलं.

जाताना म्हातारीनं जुना कागद मागून घेतला. त्याच्या माथ्याची पट्टी फाडली, डोळ्यांना लावली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "ह्येला केरात टाकू नगं. त्येनं कुणाचं काय बिघडवलंय?" कंदाची पिशवी वॉर्डात वाटून टाकली.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी सुळी सोडली. कुठल्याच कागदावर काढली नाही. गठ्ठा एकच झाला. खात्याला फरक पडला नाही, पण अभिरामीचं घाबरंघुबरं पत्र आलं, अप्पा, कोण गेलं? त्यांनी कळवलं, "कुणी नाही. यापुढं माझं पत्र वाचत जा, कपाळ बघू नकोस." पुढची कैक वर्षं ते तिला कोऱ्या माथ्याचीच पत्रं लिहीत राहिले, आणि ती पोरगी त्याला सरावली.

गाव उठलं, आम्ही इस्पितळासकट रानात पालाखाली राहायला गेलो. त्या साली तापानं डॉक्टर गेले. अभिरामीला मी लिहिलं. रीतीप्रमाणं माथा कोरा ठेवला, दोन ओळी लिहिल्या, लॉरीवाल्याच्या हाती दिल्या.

तिचं उत्तर पावसाळा उलटल्यावर आलं. तिनं लिहिलं होतं, पाकीट फोडलं, घडीतून कोरा माथा तेवढा दिसला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, अप्पांचं पत्र आलं. सावकाश वाचावं म्हणून मी आधी चहा ठेवला.