उजेडाची पाळी

'शांतता आणि सामाजिक न्याय' हा नवा विषय कॉलेजात आला तेव्हा पेपर सोपा असणार म्हणून मी तो घेतला. इतिहासाचे सर, अर्थशास्त्राच्या बाई आणि भौतिकशास्त्राचे सर मिळून शिकवायचे. भौतिकशास्त्राचं इथं काय काम, म्हणून आम्ही मागच्या बाकावर खूप हसायचो.

गावातलं एखादं भांडण अभ्यासा, असं त्यांनी सांगितलं. मी ठसक्यात म्हणाले, आमच्या सामायिक विहिरीवर भांडणच नाही. आठवड्याचे पहिले तीन दिवस काकांचं पाणी, पुढचे तीन आमचं, रविवारी मोटर बंद. ही वाटणी कधीची, सरांनी विचारलं. आजोबांनी केलेली, लाईट दिवसभर असायची तेव्हाची. दारं कोण धरतं, म्हणजे रानात पाणी कोण देतं, बाईंनी विचारलं. वडील गेल्यापासून आई, एकटीच. मग भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, शेतीची लाईट आता कुठल्या वारी दिवसा असते?

माझं हसू तिथंच मावळलं. सोमवार ते बुधवार दिवसा, पुढं रात्री. आई वर्षानुवर्षं अंधारात, थंडीत, सापकिरडाच्या भीतीत पाणी देत होती आणि त्याला आम्ही सगळे शांतता म्हणत होतो. मला भयंकर संताप आला.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमची सगळी भावकी रानात एकत्र जेवते. त्या दिवशी पंगतीवरून कुणी रुसून उठत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून ताकातल्या आंबिलीचा तांब्या घेऊन मी मुद्दाम काकांसमोर बसले आणि पाळीचा विषय काढला. आईनं डोळे वटारले.

"पाळी बरोबरीचीच हाय की, पोरी," काका म्हणाले.

"दिवस बरोबरीचे हायत, काका. उजेड न्हाय."

येळवशीच्या मिसळभाजीचा, भज्जीचा, घास त्यांच्या हातातच राहिला. काकूंनी आणखी भाकरी वाढता वाढता सुचवलं, की एक थंडी तुम्हीच रात्री जाऊन बघा. काकांनी आंबील संपवली, तोंड पुसलं.

"वैनी, सोमवारपास्नं तुमी दिवसा धरा. म्हैन्याम्हैन्याला बदलू."

मला नाचावंसं वाटत होतं. त्याऐवजी काकांना आणखी भज्जी वाढली.

सोमवारी मी कॉलेज बुडवलं. भर उन्हात आई हरभऱ्याला पाणी देत होती आणि कमरेला सवयीनं बॅटरी खोचलेली. मी ती दाखवली तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. बॅटरी काढून तिनं माझ्या हातात दिली.

"ने ही, तुझ्या काकाला देऊन ये. आता त्यांला लागंल."